टॉन्सिल काढल्यावरचा पाचवा दिवस

टॉन्सिलचं ऑपरेशन झालेलं दोन-तीन वर्षांचं मूल एका रात्रीत घरी येतं. दुसऱ्या दिवशी खेळण्यांकडे वळतं, थोडंफार खातं, आणि घरातले म्हणतात, सुटलो एकदाचे. मग चौथ्या-पाचव्या दिवशी तेच मूल पाण्याचा घोटही घेईनासं होतं, रात्री किंचाळत उठतं, कान धरून रडतं. आईबाबांना वाटतं, ऑपरेशन बिघडलं. बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. या जखमेची चालच अशी असते: आधी बरं, मग जास्त दुखणं, मग हळूहळू उतार. डिस्चार्ज कार्डावर औषधं असतात, पुन्हा दाखवायची तारीख असते; या पाचव्या दिवसाबद्दल मात्र पुष्कळदा एक ओळही नसते. ती असायला हवी, असं मला फार वाटतं.

टॉन्सिल काढल्यावर तिथे सहसा टाके घालत नाहीत. घशाच्या दोन्ही बाजूंना जखम उघडीच राहते आणि आतून भरत येते. टॉर्च लावून पाहिलं तर तिथे पांढरट-पिवळी साय धरलेली दिसते. पू झाला म्हणून घरात धावपळ होते ती हिच्यामुळेच. हा पू नव्हे, खपली आहे. तोंडात सतत ओली राहते म्हणून पांढरी दिसते. तिच्यामुळे तोंडाला घाण वास येतो, पहिले काही दिवस अंगात कणकण राहते. कापसाने पुसायला किंवा बोट घालायला जाऊ नये.

कानाचं कोडंही असंच. घशातली दुखण्याची जाणीव मेंदूकडे नेणारी नस कानालाही फाटा देते, त्यामुळे दुखतो घसा आणि मूल हात लावतं कानाला. आपल्याकडे अशा वेळी कोमट तेलाची वाटी लगेच पुढे येते. कानात तेल घालू नका. दुखण्याचं औषध वेळेवर द्या, कान आपोआप शांत होतो.

वेळेवर म्हणजे घड्याळ लावून. मूल रडल्यावर औषध द्यायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो: दुखतं म्हणून ते औषधही गिळत नाही, पाणी पीत नाही, आणि घसा कोरडा पडून आणखी दुखतो. पहिले काही दिवस पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेल्या मात्रेत, ठरलेल्या तासांनी द्यावं, सांगितलं असेल तर रात्री उठवूनही. घरातली खोकल्याची जुनी बाटली मात्र काढू नये. त्यात कोडीन असू शकतं. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि श्वास मंदावतो. अशा मृत्यूंनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देऊ नये असं बजावलं, आणि २०१७ साली १२ वर्षांखालच्या सगळ्याच मुलांसाठी ते वर्ज्य ठरवलं. अ‍ॅस्पिरिनही नको.

खरी लढाई असते ती पाणी पाजण्याची. १२ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १ लिटर द्रव लागतो, आणि ते तर तोंड घट्ट मिटून बसलेलं असतं. पेला भरून पुढे केला तर ढकलून देतं. दर पाच-दहा मिनिटांनी एक चमचा किंवा सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडलं तर पोटात जातं. डॉक्टर आइस्क्रीम द्या म्हणतात आणि आजी म्हणते, घशाचं ऑपरेशन आणि थंड देताय? आजीची काळजी खरी आहे, पण या जखमेला गारवा बरा वाटतो, दुखणं बोथट होतं. हळदीचं दूध द्यायचंच तर पूर्ण निवलेलं द्या. मऊ तूपभात, नाचणीची गार पेज, कुस्करलेलं केळं चालतं. लिंबू-संत्रं झोंबतं, चिवडा-टोस्ट टोचतात. रोझ सिरप, बीट, कलिंगड असं लाल रंगाचं थोडे दिवस नकोच, कारण उलटी झाली तर रक्त की रंग, हे कळत नाही. आठ तासांत लघवी झाली नाही, ओठ सुकले, मूल मलूल पडलं, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. खपली साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान सुटते आणि याच दिवसांत रक्तस्राव होऊ शकतो. तो मोजक्याच मुलांना होतो, पण होतो तेव्हा घरातले बेसावध असतात. १२ किलोच्या मुलाच्या अंगात सगळं मिळून १ लिटरही रक्त नसतं, हे लक्षात ठेवलं की पेलाभर रक्त किती जास्त ते कळतं. लहान मूल रक्त थुंकत नाही, गिळतं. म्हणून झोपेत ते पुन्हा पुन्हा आवंढे गिळताना दिसलं तर उठवून तोंडात टॉर्च मारावी. ताजं लाल रक्त दिसलं किंवा काळपट उलटी झाली तर पुढे झुकवून बसवावं, खायला-प्यायला काही देऊ नये आणि थेट रुग्णालय गाठावं. गाडी नसेल तर १०८. थांबलं असं वाटलं तरी जावं.

म्हणूनच मे महिन्यात ऑपरेशन उरकून आठवड्याने कोकणात किंवा गावी जायचा बेत मला धोक्याचा वाटतो. रात्री दोन वाजता कान-नाक-घसा तज्ज्ञ तीन तासांवर असेल तर करणार काय? दोन आठवडे शहरातच राहा. पाळणाघर आणि लग्नाची गर्दीही तोवर टाळा.

या दिवसांत मूल आईला चिकटून राहतं, चड्डी ओली करायची सुटलेली सवय परत येते, आवाज गेंगाणा होतो, कधी पाणी नाकातून येतं. हे बहुधा काही आठवड्यांत जातं. प्रतिकारशक्ती संपेल ही भीतीही नको. घशात आणि मानेत तेच काम करणाऱ्या इतर ग्रंथी असतात.

इतक्या लहान वयात हे ऑपरेशन बहुतेकदा झोपेत श्वास अडकतो म्हणून केलेलं असतं. सूज असेपर्यंत घोरणं चालूच राहतं, त्याने खचू नये. मात्र दोन-तीन महिन्यांनंतरही मूल घोरत असेल, झोपेत श्वास थांबत असेल, तर त्याचा फोनवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. काही मुलांना पुढे झोपेची तपासणी लागते.