‘चिरु’ की ‘ओचिरु’?

उन्हाळा तोंडावर आला की विक्रोळी-घाटकोपरच्या पट्ट्यात ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे गुलाबी होतो आणि तुमच्या-आमच्या स्टोरीज ‘मुंबईचा चेरी ब्लॉसम’नं भरून जातात. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, मान्य. पण जपानी भाषा त्यातला फरक एका क्रियापदात सांगते.

साकुराची एकेक पाकळी सुटून भिरभिरत जाते. त्याला म्हणतात ‘चिरु’, म्हणजे विखुरणं. ‘त्सुबाकी’ म्हणजे कॅमेलिया. तिचं फूल अख्खंच्या अख्खं टपकन खाली येतं. ते ‘ओचिरु’, म्हणजे पडणं. आता आपलं हायवेवरचं झाड बघा. हा टॅबेबुया, मूळचा मध्य अमेरिकेकडचा. त्याच्या पाकळ्या खाली जुळून कर्णा झालेला असतो. म्हणून झाडाखाली सुट्या पाकळ्या नाही, तर अख्खे कर्णे पडलेले दिसतात. थोडक्यात, आपला केस ‘ओचिरु’चा!

डिसेंबरच्या जेएलपीटीची तयारी करत असाल, तर हे शब्दही वहीत टाका:

त्सुबोमी – कळी
हानाबिरा – पाकळी (‘हाना’ म्हणजे फूल, ‘हिरा’ म्हणजे पातळ, चपटी वस्तू)
गाकु – पाकळ्यांखालची हिरवी वाटी, म्हणजे निदलपुंज
ओशिबे – पुंकेसर
मेशिबे – स्त्रीकेसर
काफुन – पराग (पुढे ‘शो’ लावलं की परागांची ॲलर्जी)

ओशिबे-मेशिबेची गंमत लक्षात आली? ‘ओ’ म्हणजे नर, ‘मे’ म्हणजे मादी आणि ‘शिबे’ म्हणजे केसर. आपल्या पुंकेसर-स्त्रीकेसराचीच फोड! पण खरं सांगा, इंग्लिश मीडियमवाल्यांनो, स्टॅमेन-पिस्टिल पाठ असताना हे दोन मराठी शब्द तुम्ही शेवटचे कधी ऐकले होते?

फुलांच्या बाबतीत मराठीही काही कमी नाही. आंबा मोहरतो, उसाला तुरा येतो, मोगरा उमलतो आणि कोमेजतो. प्राजक्त केशरी देठासकट गळतो, म्हणजे तोही ‘ओचिरु’, पण त्याचा ‘सडा’ पडतो म्हणणारी भाषा आपली आहे. परकी भाषा शिकताना असे घरातलेच विसरलेले शब्द हाती लागतात, हा बोनस सोडू नका.

सुरुवात करायला हायवेवर जायलाही नको. बिल्डिंगखालची साधी पाच पाकळ्यांची जास्वंद घ्या. मधल्या लांब दांडीवर पिवळे ओशिबे दिसतील आणि अगदी टोकाला पाच बारीक टिंबं. ती मेशिबेची टोकं. मराठीत त्यांना कुक्षी म्हणतात. आता दोन्ही भाषांत मोठ्यानं म्हणा. पाठांतर झालंसुद्धा!