दिव्याखालची मेथी

'मायक्रोग्रीन्स' हे नाव नवं असलं तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. मुंबईच्या बाजारात चिमुकल्या जुड्यांनी मिळणारी समुद्र मेथी आठवा. बी रुजून पहिली पानं उघडली की कापून खायची, तेच हे. इथे लंडनमध्येही खिडकीत मेथी, मोहरी, मुळा असे ट्रे लावता येतात. पण डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, त्यात ढग. रोपं उंच, लुकडी आणि पिवळट होतात. मग प्रश्न पडतो: दिवा घ्यावा का? आणि त्याने पौष्टिकपणा खरंच वाढतो का?

वाढतो. मटकीला मोड अंधारातही येतात, कारण कोंब दाण्यातल्या साठ्यावर जगतो. पान हिरवं व्हायला मात्र उजेडच लागतो. हिरव्या रंगाबरोबरच पानात ल्युटिन आणि बीटा-कॅरोटिन ही डोळ्यांना उपयोगी द्रव्यं वाढतात. २०१२ साली मेरीलँड विद्यापीठ आणि अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २५ प्रकारची मायक्रोग्रीन्स तपासली. त्यात अंधारात वाढवलेल्या पिवळ्या मटारच्या कोंबांमध्ये जीवनसत्त्वं आणि कॅरोटिनॉइड्स खूपच कमी निघाली.

उजेडाच्या रंगाचंही काम आहे. लाल उजेडावर रोप चांगलं वाढतं. निळ्यामुळे ते ठेंगणं, दणकट राहतं आणि बऱ्याच भाज्यांत रंगद्रव्यंही वाढतात. म्हणून महागडा जांभळा दिवाच हवा असं नाही. साध्या पांढऱ्या एलईडीत निळा आणि लाल दोन्ही असतात. 'कूल व्हाइट'मध्ये निळा जास्त. दिवा पानांपासून वीतभर वर टांगा, टायमर लावून रोज १२ ते १६ तास चालू ठेवा. रोपं तरीही लांबली तर दिवा थोडा खाली घ्या.

आता हिशेब. पोह्यांवर भुरभुरलेला चिमूटभर पाला म्हणजे पालेभाजीची वाटी नव्हे, ती खायचीच. या पाल्यातून 'ड' जीवनसत्त्व मिळत नाही आणि या दिव्याखाली बसून आपल्यालाही मिळत नाही. त्यासाठी इथली एनएचएस हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी सुचवते. आणि घरात कुणी आजी-आजोबा रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेत असतील, तर हिरव्या पाल्यातल्या 'के' जीवनसत्त्वामुळे औषधाचा मेळ बिघडू शकतो. रोजच्या जेवणात तो वाढवण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.