चरा आणि बिजागरी

नागपूरच्या बर्डीवरच्या दुकानात खोक्यातून नवा लॅपटॉप निघाला की गिऱ्हाईक आधी झाकण तिरपं करतं आणि ट्यूबलाइटच्या उजेडात चरा शोधतं. पन्नास-साठ हजार मोजल्यावर हे साहजिकच आहे. पण डोळ्याला चटकन दिसणारे दोष मजबुतीबद्दल फार थोडं सांगतात. झाकणावरची केसाएवढी रेघ किंवा टचपॅडच्या एका बाजूला किंचित रुंद फट हा रंगकामाचा, जुळणीचा ढिसाळपणा झाला. त्यानं लॅपटॉप बंद पडत नाही. तो मोडतो जिथे रोज जोर आणि ताप बसतो तिथे, म्हणजे बिजागरी, चार्जिंग पोर्ट आणि पंख्याची वाट. स्वस्त मॉडेलांत बहुधा धातूची बिजागरी प्लॅस्टिकच्या बॉडीत रोवलेल्या पितळी नटांवर कसलेली असते. बिजागरी आवळत गेली की झाकण उघडण्याचा सगळा जोर त्या नटांवर येतो आणि एके दिवशी ते प्लॅस्टिकसकट उपटून निघतात. म्हणून झाकण मधोमध धरून सावकाश उघडावं आणि नजर बिजागरीजवळच्या पट्टीवर ठेवावी. तिथे फट उघडमीट करत असेल, तर वरचा रंग कितीही निर्दोष असो, तो नग नको.

देखणेपणा आणि टिकाऊपणा एकत्र नांदतातच असं नाही, याचा मोठा दाखला ॲपलनंच दिला. २०१५ साली आलेल्या मॅकबुकचा ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड बारीक आणि रेखीव होता, पण धूळ शिरली की कळ अडकायची किंवा एकच अक्षर दोनदा उमटायचं. जून २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतला दावा पाच कोटी डॉलरवर मिटवावा लागला. काउंटरवर त्या यंत्रात खोट काढणं कठीण होतं.

यावर कुणी म्हणेल, पूर्ण पैसे दिले तर चरा तरी का सोसायचा? बरोबरच आहे, सोसू नये. वॉरंटीच्या अटींत बाह्य ओरखडे सहसा वगळलेले असतात, त्यामुळे बोलायचं ते दुकानातच किंवा बदलून देण्याच्या मुदतीत. शिवाय काही किरकोळ खुणा किरकोळ नसतात. तळाच्या स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर यंत्र आधी उघडलं गेलंय. खोक्यावरचा आणि तळावरचा सीरियल नंबर जुळत नसेल तर पुढे बघायचंच नाही. स्क्रीनचा हिशेब मात्र वेगळा. फुल एचडी पडद्यावर वीस लाखांहून अधिक पिक्सेल असतात. २००१ च्या आयएसओ मानकातली दुसरी श्रेणी दर दहा लाखांमागे दोन कायम पेटलेले आणि दोन कायम विझलेले पिक्सेल चालवून घेत असे. त्यामुळे काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पडदे लावून बघावेत आणि किती ठिपक्यांवर नग बदलून मिळेल हे बिल फाडण्याआधी विचारावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दहा मिनिटांत टिकाऊपणा कळतो का? पूर्ण कळत नाही, आणि नागपुरात तर मुळीच नाही. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तर अनेक लॅपटॉप कमाल ३५ अंशांच्या हवेसाठी बनवलेले असतात. एसी लावलेल्या दुकानात पंखा शांत असण्याला काही अर्थ नाही. हवा आत घेणाऱ्या जाळ्या तळाला आहेत की कडेला आणि पंखा साफ करायला तळ सहज निघतो का, एवढं तरी तिथे कळतं. ताठपणाही कळतो. एक कोपरा धरून यंत्र उचललं तर ते पिळवटू नये आणि कीबोर्डच्या मधोमध दाबल्यावर पत्रा खाली जाऊ नये.

तेव्हा एकाच किमतीत झाकण डुलणारा चकचकीत नग आणि चरा पडलेला ताठ नग समोर असतील आणि तिसरा मागवता येत नसेल, तर दुसरा घ्या; चऱ्याचे पैसे मात्र दुकानदाराकडून कमी करून घ्या.