माळरान वाचविणारे हिवाळी श्रमदान
शिकागो परिसरातील नागरिकांचा एक उद्बोधक प्रयोग

वनसंरक्षण म्हटले की झाडे लावणे आणि लावलेली झाडे राखणे, असेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. त्यामुळे अमेरिकेतील शिकागो शहराभोवतीच्या राखीव रानांत ऐन हिवाळ्यात शेकडो नागरिक सुटीच्या दिवशी करवती व कातऱ्या घेऊन झुडपे तोडावयास जमतात, हे ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. ही तोड चोरटी नसते. ती राखीव वनांच्या प्रशासनाच्या संमतीने, ठरलेल्या आराखड्यानुसार आणि विनावेतन होते. तोडणे हेही संरक्षणाचे साधन कसे ठरते आणि असे काम लोकांच्या हाती सोपविताना कोणती पथ्ये पाळावी लागतात, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

नाहीसा झालेला गवताळ प्रदेश

शिकागो ज्या इलिनॉय राज्यात वसले आहे, त्याला 'प्रेअरी राज्य' असे म्हणतात. प्रेअरी म्हणजे उंच गवतांचे आणि रानफुलांचे विस्तीर्ण माळ. १८२० च्या सुमारास या राज्यात असे सुमारे २ कोटी २० लक्ष एकर माळ होते. १८३७ मध्ये जॉन डिअर या लोहाराने याच राज्यात पोलादी फाळाचा नांगर घडविला आणि चिवट मुळांनी बांधलेली ही काळी जमीन झपाट्याने लागवडीखाली आली. १९७५ ते १९७८ या काळात झालेल्या राज्यव्यापी पाहणीत उत्तम स्थितीतील प्रेअरी केवळ सुमारे २,३०० एकर उरल्याचे आढळले. म्हणजे दर दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर! तीही बव्हंशी रेल्वेमार्गांच्या कडेला, जुन्या दफनभूमींत आणि अशाच दुर्लक्षित तुकड्यांत.

शिकागो ज्या कुक काउंटीत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागात, मोडते तेथे १९१४ मध्ये वने राखण्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. आज या मंडळाकडे सुमारे ७०,००० एकर जमीन आहे. काउंटीच्या एकूण भूमीच्या हा सुमारे ११ टक्के हिस्सा होय. महानगराच्या रेट्यातून जमीन वाचली. परंतु केवळ कुंपण घालून रान वाचत नाही, हे पुढील काही दशकांत ध्यानात आले.

आग थांबली, झुडपे वाढली

या प्रदेशातील मूळ रहिवासी, विशेषतः पोटावाटोमी लोक, गवताळ माळांना वेळोवेळी आग लावीत. गवतांची व रानफुलांची मुळे खोल असल्याने वरचा वाळलेला भाग जळला तरी ती पुन्हा फुटत. जाड सालीचे बर ओक वृक्षही आगीतून तरून जात. कोवळी झुडपे मात्र जळून जात आणि माळ मोकळा राही. १८३३ च्या करारानंतर मूळ रहिवाशांना हा प्रदेश सोडावा लागला. आगी थांबल्या आणि मोकळ्या रानात झुडपांची दाटी होऊ लागली.

त्यात युरोपातून कुंपणासाठी आणलेल्या बकथॉर्न या झुडपाची भर पडली. त्याची पाने वसंतात लवकर फुटतात आणि शरदात ओकची पाने गळून गेल्यावरही हिरवी राहतात. त्यामुळे जमिनीवरील रोपांना सूर्यप्रकाश मिळत नाही. फळे रेचक असून पक्ष्यांमार्फत बियांचा दूरवर प्रसार होतो. पालापाचोळा लवकर कुजून जातो. त्यामुळे खालची जमीन उघडी पडते आणि नियंत्रित आगीलाही पुरेसे इंधन उरत नाही. वरून पाहणाऱ्याला दाट हिरवाई दिसते. प्रत्यक्षात तिच्याखाली ओकचे एकही नवे रोप वाढत नाही. जुने ओक मेले की त्यांची जागा घेणारे कोणी नसते.

हिवाळाच का?

१९७७ मध्ये स्टीव्ह पॅकार्ड यांच्या पुढाकाराने काही नागरिकांनी शिकागो नदीच्या उत्तर शाखेलगतच्या राखीव रानांत हे काम हाती घेतले. त्यासाठी हिवाळा निवडण्यामागे निश्चित कारणे आहेत. जमीन गोठलेली असल्याने माणसांच्या वावराने ती दबत नाही. रानफुले व गवते सुप्तावस्थेत असतात. पक्ष्यांचा विणीचा हंगाम नसतो. शिवाय भोवती बर्फ असल्यामुळे तोडलेल्या फांद्यांचे ढीग जाळताना आग पसरण्याचा धोका कमी असतो.

कामाची पद्धत साधी, परंतु शिस्तीची असते. सकाळी सर्वजण जमले की रानाची जबाबदारी घेतलेला स्वयंसेवक कोणते झुडूप तोडावयाचे, कोणते राखावयाचे हे प्रत्यक्ष दाखवितो. झुडूप जमिनीलगत कापले जाते. नुसते कापल्यास बुंध्यातून अनेक धुमारे फुटतात. म्हणून प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्ती बुंध्यावर नेमके तणनाशक लावते. इतर मंडळी फांद्या ओढून ढिगापाशी नेतात. या कामात विद्यार्थी, नोकरदार आणि निवृत्त माणसे खांद्याला खांदा लावून सहभागी होतात.

तोडीनंतरचे काम

तोड ही केवळ सुरुवात होय. शरदात हाताने गोळा केलेले स्थानिक गवतांचे व रानफुलांचे बी मोकळ्या झालेल्या जागी विखुरतात. यांपैकी अनेक बियांना रुजण्यापूर्वी थंडी व ओलावा सोसावाच लागतो. ते काम हिवाळा करतो. पुढे वर्षानुवर्षे नवे धुमारे काढणे आणि प्रशिक्षित पथकांकडून नियंत्रित आग लावणे चालू ठेवावे लागते. नॉर्थब्रुक येथील सोम प्रेअरी ग्रोव्ह या रानात स्वयंसेवक एका दुर्मिळ पांढऱ्या आमरीच्या फुलांचे परागीभवन दात कोरण्याच्या काडीने स्वतःच्या हातांनी करतात. निसर्गात हे काम निशाचर पतंग करतात.

विश्वासाची कसोटी

हा प्रयोग निर्वेध चालला असे मात्र नव्हे. राखीव रानांशेजारी राहणाऱ्या काही नागरिकांना आपल्या घरामागची हिरवी भिंत तोडली जात असल्याचे दिसले. तणनाशक आणि धूर यांविषयीही त्यांच्या मनात शंका होत्या. तक्रारी वाढल्या आणि १९९६ मध्ये कुक काउंटीच्या प्रशासनाने पुनरुज्जीवनाचे काम स्थगित केले. स्थगिती पुढे टप्प्याटप्प्याने उठली. तथापि काही भागांत काम अनेक वर्षे बंदच राहिले आणि त्या काळात तेथे झुडपे पुन्हा माजली. दोन दशकांच्या श्रमांवर पाणी पडण्याची वेळ आली ती शास्त्र चुकले म्हणून नव्हे. शेजाऱ्यांना विश्वासात घेणे राहून गेले म्हणून. आज करवत चालविणे, तणनाशक वापरणे व ढीग पेटविणे यांसाठी स्वयंसेवकांना प्रशिक्षण घ्यावे लागते.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रातील रानांतही अशीच एक पाहुणी ठाण मांडून बसली आहे. घाणेरी किंवा टणटणी या नावाने परिचित असलेले हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ते शोभेसाठी कलकत्त्यात आणले गेले. त्याचाही प्रसार पक्षी करतात आणि वरून कापल्यास तेही पुन्हा फुटते. म्हणून मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटे ठेवण्याची पद्धत दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी रूढ केली. मोकळ्या जागी स्थानिक गवत लावले नाही, तर घाणेरी परत येते.

मात्र शिकागोचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून चालणार नाही. तेथील बर्फ येथे नाही, आणि हिवाळ्यानंतर आपल्याकडील वाळलेल्या रानात वणव्याचा धोका वाढत जातो. वनक्षेत्रात वन विभागाच्या संमतीवाचून कोणतीही तोड करता येत नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये स्थापन झालेली जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि गावची लोकजैवविविधता नोंदवही यांचा येथे उपयोग करता येईल. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही ग्रामसभेस सामूहिक वनांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे.

काय तोडावे यापेक्षा काय राखावे, हे आधी ठरले पाहिजे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना परिसरातील देशी व परकी झुडपे ओळखावयास शिकवावी. पंचायत सदस्यांनी पहिला कोयता चालविण्यापूर्वी विषय ग्रामसभेपुढे ठेवावा आणि गुराख्यांपासून सरपण आणणाऱ्या महिलांपर्यंत सर्वांचे म्हणणे ऐकावे. एक दिवसाच्या श्रमदानाने झुडपे हटतील. परंतु गवत परत येण्यासाठी त्याच जागेकडे वर्षानुवर्षे लक्ष पुरविणारी माणसे गावातच तयार व्हावी लागतील.