जोरकस गाडी आणि ॲव्हरेज: समजुती आणि हिशोब

‘दीडशे हॉर्सपॉवरची गाडी घेतलीस ना, मग ॲव्हरेज विचारायचं नाही,’ हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. त्यामागची समजूत अशी की मुळातच पेट्रोल पिणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज दोन-तीन किलोमीटरनं वाढलं तरी खिशाला फारसा फरक पडत नाही. हिशोब मांडला तर नेमकं उलटं दिसतं. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला ११ देत असेल, तर ९१ लिटर लागतात. तीच १४ देऊ लागली की ७१ लिटरमध्ये भागतं. म्हणजे वीस लिटर वाचले. १७ देणारी साधी गाडी २० वर नेली, तर वाचतात जेमतेम ९ लिटर. वाढ दोन्हीकडे तीनच किलोमीटरची, पण जास्त पिणाऱ्या गाडीत बचत दुपटीहून अधिक.

मुंबईत पेट्रोलनं मे २०२१ च्या अखेरीस शंभरी ओलांडली, एप्रिल २०२२ मध्ये ते १२० च्या वर गेलं आणि केंद्रानं उत्पादन शुल्क व राज्यानं व्हॅट घटवल्यावर जुलैत १०६ वर आलं. दर पुढेही वरखाली होत राहणार. लिटरला १०४ रुपये धरले, तरी ते वीस लिटर म्हणजे महिन्याचे दोन हजार रुपये. जोरकस गाडीच्या मालकानं ॲव्हरेजचा विचार इतरांपेक्षा जास्त करायला हवा, तो यासाठी.

मोठी ताकद म्हणजे सदैव मोठा खर्च, हा यातला सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. सपाट रस्त्यावर ताशी ८० च्या स्थिर वेगानं जाणाऱ्या सेडानला वारा आणि टायरचं घर्षण यांवर मात करायला साधारण दहा-बारा हॉर्सपॉवर पुरतात. उरलेली ताकद त्या वेळी नुसती राखीव असते. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचं दीड लिटरचं टर्बो इंजिन भार कमी असताना चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद करतं, ते याचसाठी. गाडी १५० हॉर्सपॉवरची असली, तरी एक्स्प्रेसवेवर शांतपणे चालवली की उत्तम ॲव्हरेज देते.

मग पेट्रोल जातं कुठे? बरंचसं ब्रेकमध्ये. तेराशे किलोची गाडी ताशी १०० वर पोचली की तिच्या गतीत सुमारे अर्धा मेगाज्यूल ऊर्जा साठते. लिटरभर पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. त्या हिशोबानं शून्यापासून शंभरवर जायला नुसत्या वेगापोटी ६० ते ६५ मिलिलिटर पेट्रोल जळतं. पुढे टोलनाका दिसत असताना शंभरवर जायचं आणि करकचून ब्रेक मारायचा, म्हणजे गतीत साठलेली ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन उडून जाते. एवढ्याच पेट्रोलमध्ये हीच गाडी स्थिर वेगानं सव्वा किलोमीटर गेली असती. पिकअप चांगला असलेल्या गाडीत हा खेळ दिवसातून कितीदा होतो, ते सिग्नलवर उभं राहून पाहिलं तरी कळतं. पुढचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढणं, ही एकच सवय बाकी साऱ्या उपायांपेक्षा मोलाची आहे, असं माझं ठाम मत आहे.

याचा अर्थ मुंगीच्या पावलांनी वेग वाढवावा, असा मात्र नाही. तोही एक गैरसमज. खालच्या गिअरमध्ये रेंगाळत राहिलं की इंजिन अकारण फिरत राहतं आणि त्या फिरण्यातच इंधन खर्ची पडतं. आजच्या बऱ्याच टर्बो इंजिनांचा पूर्ण टॉर्क पंधराशे-सोळाशे आरपीएमलाच मिळतो. म्हणून ॲक्सिलरेटर मध्यम दाबून दोन हजारांच्या आसपास गिअर वर टाकत जावं. मात्र पूर्ण दाबून आरपीएम लाल रेषेपर्यंत नेलं, तर इंजिन थंड राखण्यासाठी संगणक बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. मजा येते, पण ती महागात पडते.

वेगाचं गणित समृद्धी महामार्गावर लख्ख दिसतं. तिथे कारला ताशी १२० ची मुभा आहे. १०० वरून १२० वर गेल्यावर हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. एकूण इंधन साधारण पाचव्या हिश्शानं जास्त लागतं. ७०१ किलोमीटरला १०० च्या वेगानं सात तास, १२० नं पाच तास पन्नास मिनिटं. वाचलेल्या सत्तर मिनिटांसाठी आठ-नऊशे रुपयांचं पेट्रोल. ज्याला घाई आहे त्यानं ते खुशाल मोजावेत, पण मग ‘गाडी हायवेलाही ॲव्हरेज देत नाही’ ही तक्रार करू नये.

आता पंपावरचा प्रश्न. महागडं ऑक्टेन म्हणजे जास्त ताकदीचं पेट्रोल, असं अनेकजण धरून चालतात. ऑक्टेन आकडा सांगतो तो इतकाच, की दाबाखाली ते इंधन अवेळी पेटण्याला किती दाद देत नाही. ऊर्जेशी त्याचा थेट संबंध नाही. पूर्वीच्या ९१ ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलवर काही टर्बो इंजिनं ‘नॉकिंग’ टाळायला ठिणगीची वेळ मागे घेत आणि तिथे चढं ऑक्टेन उपयोगी पडे. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं मानकच किमान ९५ ऑक्टेनचं आहे. म्हणजे ऑक्टेन चढलं, पण ऊर्जा उतरली, कारण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. तेव्हा जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं घसरलं की लगेच मेकॅनिककडे धावायची गरज नाही. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल घ्यायचं, तर गाडीचं मॅन्युअल ते मागत असेल तरच.

‘फ्री-फ्लो’ एअर फिल्टर टाकल्यानं ॲव्हरेज वाढतं, हेही खरं नाही. इंजिनात किती हवा येते ते सेन्सर मोजतो आणि संगणक त्या प्रमाणातच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये घेतलेल्या चाचण्यांत, चोंदलेल्या फिल्टरनंही आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजवर लक्षणीय परिणाम झाला नाही. पिकअप तेवढा कमी झाला. फिल्टर वेळेवर बदलावाच, पण इंजिनाच्या तब्येतीसाठी. पहाटे पेट्रोल थंड असतं म्हणून जास्त मिळतं, यातही तथ्य नाही, कारण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

एका गैरसमजाबद्दल मात्र कळकळीनं सांगायला हवं: खंडाळ्याच्या उतारावर गाडी न्यूट्रल करणं. यात पेट्रोल वाचत नाही. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिनाला फिरवतात आणि खर्च शून्यावर येतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राखायला पेट्रोल लागतंच. वर इंजिनाचा रोध नाहीसा झाल्यानं सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. या घाटातल्या कित्येक भीषण अपघातांमागे न्यूट्रलमधली वाहनं होती.

कंपनी सांगते तेवढं ॲव्हरेज मिळालं नाही म्हणजे फसवणूक झाली, असंही नाही. आपल्या गाड्यांचे आकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रोलरवर गाडी चालवून ठरतात. त्या चाचणीत वेग ९० च्या पुढे जात नाही आणि आजवर ती एसी बंद ठेवूनच होत आली आहे. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला. आपल्या गाडीचा खरा आकडा काढायचा, तर महिन्यातून एकदा टायरमधली हवा थंड असताना तपासून घ्यावी, कारण चारही टायरमध्ये पाच पीएसआय कमी असेल तर एखादा टक्का तिथेच जातो. मग टाकी भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथेच थांबायचं, ट्रिपमीटर शून्यावर आणायचा आणि निदान तीनशे किलोमीटर फिरल्यावर त्याच पंपावर, त्याच रीतीनं पुन्हा भरायचं आणि फिरलेल्या किलोमीटरना या वेळी भरलेल्या लिटरनं भागायचं.