जुन्या जीपची थरथर : पार्ट बदलण्याआधी दोष ओळखा

जुनी फोर बाय फोर जीप गॅरेजात येते तेव्हा तक्रार बहुधा एकाच वाक्यात असते. "उस्ताद, गाडी थरथरते." मालक एवढे सांगतो आणि चहा प्यायला निघून जातो. कारागीर अंदाजाने शाफ्टचे क्रॉस बदलतो. थरथर तशीच राहते. मग ड्रम लेथवर जातात, नवे लायनर बसतात, तरी फरक नाही. बिल मात्र वाढत जाते. अखेर गिऱ्हाईक चिडून दुसरीकडे जाते आणि तिथला कारागीर मागच्या पाट्यांचे सैल झालेले यू-बोल्ट आवळून तासाभरात गाडी परत करतो. पहिल्या गॅरेजचे नाव त्या दिवसापासून त्या गावात खराब होते.

गॅरेज, लेथ, पाट्यांचे काम, वेल्डिंग या धंद्यांत आपल्या समाजातील कारागीर मोठ्या संख्येने आहेत. बहुतेकांनी शाळेत नव्हे तर उस्तादाच्या हाताखाली हे काम शिकलेले आहे. हात तयार असतो, कानही तयार असतो. कमी पडते ती तपासणीची पद्धत. महिंद्राच्या जुन्या सीजे आणि एमएम ५४० सारख्या जीप, तसेच १९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी, यांचे उत्पादन बंद झाले असले तरी डोंगरी भागात, शेतावर आणि हौशी मालकांकडे त्या आजही चालतात. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणी होते, त्या निमित्तानेही अशा गाड्या गॅरेजात येतात. म्हणून हा विषय घेतला आहे.

पहिला नियम असा की पाना हातात घेण्यापूर्वी मालकाला प्रश्न विचारावेत. गाडी उचलताना थरथरते की ठराविक वेगाला? ब्रेक मारल्यावर थरथरते की पाय काढल्यावरही? माल भरल्यावर जास्त होते का? त्यानंतर मालकाला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवून पाहावी. दहा मिनिटांच्या या फेरीत निम्मे काम होते.

आता हिशेब पाहा. जीपच्या ६.०० × १६ मापाच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ५० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे सहा वेळा फिरते. जुन्या जीपच्या डिफरन्शियलचे प्रमाण पाचास एकच्या आसपास असते, म्हणजे त्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला तीस वेळा फिरतो. यातून एक सोपी खूण मिळते. चाक, टायर, रिम किंवा ड्रमचा दोष असेल तर धक्के मोजता येण्यासारखे असतात, धक-धक-धक असे. शाफ्टचा दोष असेल तर धक्के मोजता येत नाहीत, सीटखाली आणि पायाखालच्या पत्र्यात भुणभुण लागते. हा फरक एकदा अंगवळणी पडला की ड्रमच्या दोषासाठी कोणी शाफ्ट खोलणार नाही.

फक्त क्लच सोडताना, विशेषतः पहिल्या किंवा रिव्हर्स गियरमध्ये, गाडी हादरत असेल आणि क्लच पूर्ण सुटल्यावर शांत होत असेल, तर शाफ्टला हात लावू नका. क्लच प्लेटवर तेल आले आहे का, फ्लायव्हील जळून निळे पडले आहे का आणि इंजिनचे रबर फाटले आहे का, ते पाहा. रबर आधी पाहावे, कारण ते पाहायला काही खोलावे लागत नाही.

शाफ्टची तपासणी

जुन्या जीपला पुढच्या चाकांवर फ्री व्हील हब नसेल तर टू व्हीलमध्येही पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरत राहतो. म्हणून सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे पुढचा शाफ्ट दोन्ही टोकांचे नट सोडून काढून ठेवणे आणि गाडी टू व्हीलमध्ये चालवून पाहणे. थरथर गेली तर दोष पुढच्या शाफ्टमध्ये. राहिली तर पुढचा शाफ्ट बसवून मागचा काढावा आणि फोर व्हील टाकून सरळ, मोकळ्या रस्त्यावर हळू चालवावी. एक पैशाचा पार्ट न लागता दोष कुठल्या बाजूला आहे ते कळते.

इथे एक धोका आहे आणि तो शागीर्दांना बजावून सांगितला पाहिजे. जुन्या जीपमध्ये बहुधा हातब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. त्यामुळे मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे हातब्रेक निकामी होतो, उचललेले चाक मोकळे फिरते आणि गाडी जॅकवरून सरकते. मागचा शाफ्ट काढल्यावर तर हातब्रेक मागच्या चाकांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि चॅसिसखाली स्टँड लावल्याशिवाय कोणीही गाडीखाली जाऊ नये. हाच हातब्रेक थोडा ओढलेला राहिला किंवा त्याचा ड्रम तेलकट झाला तरी गाडी थरथरते. फेरीनंतर त्या ड्रमजवळ हाताचा तळवा न्यावा. तापलेला असेल तर कारण तिथेच सापडले.

क्रॉस ढिला आहे का हे सर्वच कारागीर पाहतात. मात्र दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे शाफ्टचे दोन्ही योक एका रेषेत आहेत की नाहीत. क्रॉसने जोडलेला शाफ्ट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग धरतो आणि दोनदा सोडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलट दिशेने भरून काढतो, पण दोन्ही योक एका रेषेत असतील तरच. ग्रीस करण्यासाठी स्लिप जॉइंट काढला आणि परत बसवताना दातांची जागा चुकली की नव्या क्रॉसचा शाफ्टही भुणभुणतो. काढण्यापूर्वी दोन्ही भागांवर पंचने खूण करावी. काही शाफ्टवर कारखान्याने बाणाची खूण दिलेली असते, ती माती खरवडून पाहावी.

दुसरी गोष्ट कोनाची. वडाप किंवा काळी-पिवळी म्हणून धावलेल्या जीपमध्ये जास्त माणसे बसावीत म्हणून मागे जादा पाटे टाकलेले असतात, कधी शॅकल लांब केलेले असतात. गाडी मागून उचलली जाते आणि पिनियनचे तोंड फिरते. दोन्ही टोकांचे कोन सारखे राहत नाहीत. अशा गाडीत रिकाम्या चालीला थरथर असते आणि माणसे बसल्यावर कमी होते. क्रॉस वारंवार जात असतील तर पार्ट हलक्या मालाचा आहे असे म्हणण्यापूर्वी हे कोन मोजून पाहावेत.

उचलतानाही आणि ब्रेकलाही थरथरणारी गाडी

खरी गल्लत इथे होते. गाडी जोरात उचलताना हादरते आणि ब्रेक मारतानाही हादरते, म्हणून कारागीर दोन वेगळे दोष धरतो, शाफ्टचा एक आणि ड्रमचा एक. पण दोन्ही वेळा जोर घेणारी एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे एक्सल जागेवर धरून ठेवणारी बांधणी. इंजिनचा जोर आला की पिनियनचे तोंड वर उठू पाहते. ब्रेक लागला की तेच तोंड खाली दबू पाहते. ही ओढाताण जुन्या जीपमध्ये पाट्यांनाच सोसावी लागते. यू-बोल्ट सैल असतील, सेंटर बोल्ट तुटला असेल, पिन-बुश झिजले असतील किंवा मुख्य पाट्याला तडा असेल, तर एक्सल दोन्ही वेळा नाचतो. वरून कितीही नवे क्रॉस आणि लायनर टाकले तरी उपयोग नाही.

तपासणी अशी करावी. चाकांना दगड लावून एकाने ब्रेक घट्ट दाबून इंजिन चालू ठेवावे आणि पहिल्या गियरमध्ये क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडावा, मग रिव्हर्समध्ये तसेच करावे. दुसऱ्याने गाडीच्या बाजूला थांबून, पुढे किंवा मागे अजिबात नाही, बॅटरीच्या उजेडात पिनियनकडे पाहावे. थोडे उठणे स्वाभाविक आहे. ठण् असा आवाज आला किंवा पाट्यावर एक्सल सरकताना दिसला तर दोष सापडला. यू-बोल्टच्या बैठकीजवळ तांबूस गंजाची भुकटी किंवा घासून चकाकलेली रेघ दिसली तरी तोच अर्थ. सेंटर बोल्ट तुटल्याचा संशय असेल तर पुढच्या पाट्याच्या पिनपासून एक्सलपर्यंतचे अंतर डावी-उजवीकडे टेपने मोजावे. अंतरात फरक आला तर एक्सल तिरका बसला आहे.

पुढच्या बाजूला हेच काम किंग पिनचे बेअरिंग, चाकाचे बेअरिंग आणि टाय रॉडची टोके करतात. खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवरेना इतके हलू लागले तर पुढची चाके उचलून वरखाली आणि आडवी हलवून पाहावीत. चाकाचे बॅलन्सिंग करून हा आजार जात नाही, थोडे दिवस लपतो.

ब्रेकचा दोष

वरचे सर्व घट्ट असेल तरच ड्रमकडे वळावे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० च्या आसपास ब्रेक हलका दाबावा. पेडल पायाखाली वरखाली होत असेल आणि वेग कमी होईल तसे धक्केही सावकाश होत असतील, तर ड्रम ओव्हल झाला आहे. स्टिअरिंग हलले तर बहुधा पुढचा, सीट हलली तर मागचा. ज्या गाडीचा हातब्रेक मागच्या ड्रमवर आहे, तिच्यात कमी वेगात बटण दाबून हातब्रेक हळू ओढला की मागचा ड्रम वेगळा तपासता येतो. शाफ्टवर हातब्रेक असलेल्या जीपमध्ये हा प्रयोग करू नये, सगळा झटका शाफ्टला आणि डिफरन्शियलला बसतो.

आंबेनळी किंवा करूळसारखा घाट वरच्या गियरमध्ये, केवळ ब्रेकवर उतरवलेल्या गाडीचे ड्रम तापून वाकडे होतात. ड्रमचे आतले माप चार ठिकाणी घ्यावे. टर्निंग करायचे तर एका एक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला आणि ड्रमवर कोरलेल्या मर्यादेच्या आतच. मर्यादा ओलांडलेला ड्रम गिऱ्हाईकाने आग्रह केला तरी बसवू नये. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवणेही तसेच. आधी एक्सलचा ऑइल सील बदला, मग लायनर. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ड्रम उघडल्यावर काळी भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि तिचा परिणाम अनेक वर्षांनी दिसतो. शेजारी बसलेला पोऱ्याही तीच हवा घेत असतो.

भंगारातला एक्सल

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेले एक्सल जीपला सर्रास बसतात. ते बसले म्हणजे जुळले असे नाही. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे प्रमाण वेगळे असेल तर फोर व्हील टाकताच गाडी आवळल्यासारखी होते आणि झटके देते. टायर पुढे-मागे वेगळ्या मापाचे असले तरी तसेच. (कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून वळण घेतले तर चांगली जीपही आवळते. तो दोष नव्हे, ड्रायव्हरला समजावून सांगावे.) प्रमाण मोजायला डिफरन्शियल उघडावे लागत नाही. गियर आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलला ठेवून, वर सांगितल्याप्रमाणे दगड आणि स्टँड लावून एक चाक उचलावे आणि ते बरोबर दोन वेळा फिरवावे. तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे होतील तेच प्रमाण. पुढच्या एक्सलला हब असेल तर तो लॉक करून मोजावे.

असा एक्सल विकणाऱ्याने प्रमाण मोजून, फरक असल्यास स्पष्ट सांगूनच विकावा. मालातला ऐब झाकून विकणे आपल्याकडे जायज नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते. बसवणाऱ्यानेही पावतीवर दोन्ही एक्सलचे प्रमाण लिहून द्यावे आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून मालकाच्या ताब्यात द्यावेत. यू-बोल्ट नव्याने आवळले असतील तर गाडी माल भरून काही शे किलोमीटर धावली की ते पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी गाडी परत आणण्याची तारीख त्याच पावतीवर टाकावी आणि त्या दिवशीचे पैसे घेऊ नयेत.