अकरा कसोट्या आणि राहून गेलेलं लग्न

मैत्रिणींनो, २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री तुमच्याही घरी जेवणं उशिराच झाली असतील. नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या सामन्यात दीप्ती शर्मानं ५८ धावा केल्या आणि वर पाच गडीही बाद केले. फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही सांभाळणाऱ्या अशा खेळाडूला अष्टपैलू म्हणतात. (आपणही सकाळपासून तेच करत असतो, पण आपल्याला कोण म्हणतंय!)

या अष्टपैलू बायकांमधली थोरली म्हणजे ऑस्ट्रेलियाची बेटी विल्सन. तिचं नाव आपल्या घरातल्या क्रिकेटवेड्या पुरुषमंडळींनाही बहुधा ठाऊक नसेल. विचारून बघा एकदा.

बेटीचा जन्म १९२१ चा, मेलबर्न शहरातल्या कॉलिंगवूड या कामकरी वस्तीतला. वडील चांभारकाम करायचे. रस्त्यावरचा दिव्याचा खांब हाच तिचा पहिला स्टंप. दहा वर्षांची असताना ती वडिलांबरोबर बायकांचा सराव बघायला गेली. चेंडू तिच्याकडे आला, तो तिनं असा काही परत फेकला की त्या बायकांनी तिला लगेच क्लबात घेतलं. चौदाव्या वर्षी ती व्हिक्टोरिया राज्याच्या दुसऱ्या संघात होती आणि सोळाव्या वर्षी मुख्य संघात.

तिच्या सरावाची तऱ्हा तुम्हाला आवडेल. जुन्या लांब मोज्यात चेंडू घालायचा, तो कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगायचा आणि बॅटनं टोलवत राहायचं. ना मैदान लागतं, ना चेंडू आणून द्यायला भाऊ लागतो. तुमच्या मुलीला नाद असेल तर गच्चीवर हे सहज जमेल. कपडे मात्र आधी काढून घ्या!

राज्याच्या संघात जम बसतोय तोच महायुद्ध सुरू झालं. ऐन उमेदीची वर्षं तशीच गेली. पहिली कसोटी खेळायला मिळाली तेव्हा बेटी सव्वीस वर्षांची होती. ती कसोटी होती १९४८ ची, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनची. तिथं तिनं ९० धावा काढल्या आणि दोन डावांत मिळून दहा बळी घेतले. पुढल्याच वर्षी ॲडलेडला इंग्लंडविरुद्ध १११ धावा केल्या आणि एका डावात अवघ्या २३ धावांत सहा बळी टिपले.

आणि मग फेब्रुवारी १९५८ ची मेलबर्नची कसोटी. ही जरा सविस्तरच सांगते. पहिला दिवस पावसानं वाया गेला. खेळपट्टी ओली, चेंडू कसा वळेल याचा भरवसा नाही. ऑस्ट्रेलियाचा सगळा संघ ३८ धावांत बाद! त्यात सर्वांत जास्त धावा बेटीच्याच, त्याही फक्त बारा. सामना गेलाच असं कुणालाही वाटावं. पण बेटीनं चेंडू हातात घेतला आणि सात धावांत सात जणींना परत पाठवलं, त्यातल्या तिघी लागोपाठच्या तीन चेंडूंवर. बायकांच्या कसोटीतली ही पहिली हॅटट्रिक. इंग्लंडचा डाव ३५ वरच आटोपला. दुसऱ्या डावात बेटीनं शंभर धावा केल्या आणि नऊ धावांत आणखी चार बळी घेतले. सामना अनिर्णित राहिला खरा, पण एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी ही करामत त्याआधी कुणालाच जमली नव्हती, पुरुषांनाही नाही. पुरुषांत ती पहिल्यांदा साधली इंग्लंडच्या इयान बोथमनं, १९८० साली आपल्या मुंबईच्या वानखेडेवर. म्हणजे बेटीनंतर बावीस वर्षांनी.

त्या मालिकेनंतर बेटीनं कसोटीचा निरोप घेतला. दहा वर्षांत सामने किती, तर अकरा. फलंदाजीची सरासरी ५७ च्या वर, बळी ६८. मग इतके कमी सामने का? १९५१ नंतर थेट १९५७ पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या बायकांना एकही कसोटी मिळाली नाही. मानधन नव्हतंच. उलट दौऱ्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा.

पैशांखेरीज आणखीही एक किंमत होती. बेटीचं लग्न ठरलेलं होतं. दौऱ्यासाठी तिनं ते पुढे ढकललं आणि शेवटी ते झालंच नाही. तुम्ही म्हणाल, असला कसला हट्ट! मला तसं नाही वाटत. बोथम काय, दुसरा कुणी काय, लग्न की दौरा असा प्रश्न त्यांना कुणी घातल्याचं ऐकिवात नाही. ते लग्न करूनही खेळले.

आपल्याकडे बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली पुण्यात झाली, तेव्हा संघ होते फक्त तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. आज सांगलीची स्मृती मानधना भारतासाठी खेळायला उतरते तेव्हा तिची मॅच फी पुरुष खेळाडूंइतकीच असते. हा निर्णय २०२२ चा.

बेटी २०१० साली गेली, ८८ वर्षांची होऊन. तिच्यानंतर पाच वर्षांनी, २०१५ मध्ये, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं तिचं नाव आपल्या मानाच्या यादीत घातलं. २०१७ पासून ऑस्ट्रेलियात दरवर्षी एका होतकरू मुलीला तिच्या नावानं पुरस्कार देतात.